धरमतरपलीकडचा कपडेपट

मुंबईहून जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या अंतर्भागात शिरू पाहणाऱ्या उतारूला, रोह्यापर्यंत आगगाडी येण्याच्या पूर्वी आणि खाडीवर पूल पडण्याच्याही पूर्वी, जी वाट सोईची वाटे ती धरमतरच्या बंदरावरून जाई. नागोठण्याकडून उतरत आलेली अंबा नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे पसरट आणि गढूळ होते तिथे, पेण तालुक्याच्या कडेला, हे बंदर वसलेले आहे. समोरच्या तीराला पोयनाडमार्गे अलिबागचा मुलूख, आणि पाठीशी वडखळ, पेण, नागोठणे, रोहे, महाड अशी सडकेने ओवलेली गावे. आगबोटीतून उतरलेले कापड आणि किराणा येथून बैलगाड्यांवर चढे, आणि परतीच्या खेपेला मिठागरांतले मीठ व खारपाटातले भात मुंबईकडे जाई. या उलाढालीत, कोणत्याही सरकारी कोष्टकात ज्याला स्वतंत्र रकाना मिळाला नसता, असा एक जिन्नसही अधूनमधून धक्क्यावर उतरे. तो म्हणजे नाटकवाल्यांचे सामान: बांबूंवर गुंडाळलेले पडदे, पायपेटी आणि कुलूपबंद केलेले कपड्यांचे पेटारे.

या पेटाऱ्यांचा विचार आपल्या नाट्येतिहासात फारसा कोणी केलेला दिसत नाही. कोणत्या नाटकातील कोणते पद कोणत्या रागात बांधले होते, कोणत्या नटाने कोणती तान कोठे घेतली आणि कोणत्या मंडळीचे भागीदार कशावरून भांडले, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते वाचनीयही आहे. परंतु एक नट जाऊन त्याच्या जागी दुसरा उभा राहिला म्हणजे पहिल्याच्या अंगावरच्या वस्त्रांचे काय होई, हा प्रश्न क्षुल्लक समजून वाटेवरच सोडून देण्यात आला. प्रत्यक्षात तो तसा क्षुल्लक नाही. मुंबईत किंवा पुण्यात नट आजारी पडला तर शिंपी हाकेच्या अंतरावर असतो; पण खाडी ओलांडून गेलेल्या मंडळीचा नायक मुक्कामी हिवतापाने अंथरुणाला खिळला, तर पुढची बोट आणि तिला लागणारी भरती येईपर्यंत नवे काही मागविण्याची सोय नसे, आणि तिकिटे तर विकली गेलेली असत. पेटाऱ्यात जे आहे त्यातच दुसऱ्या माणसाला उभे करणे भाग पडे. ते कसे साधत असे, आणि पुढे ते साधेनासे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, आणि तसलेच काही मराठीत व्हावे अशी इच्छा संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी धरल्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा खेळ उभा केला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. १८५१ मध्ये राजाश्रय संपला, भाव्यांना आपली मंडळी घेऊन मुलूखगिरीस निघावे लागले, आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात मराठी खेळ झाले. त्या पौराणिक खेळांत पदे सूत्रधार म्हणे. पात्रांनी प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करावयाचे, आणि राक्षसाने तर ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकून तलवार परजीत रंगभूमी दणाणून सोडावयाची. अशा खेळात पात्राची ओळख नटाच्या गळ्यावर अथवा चेहऱ्यावर बेतलेली नव्हतीच. ती मुकुटावर, रंगावर, गदेवर आणि सोंडेवर होती. गणपतीचे सोंग आज एकाने घेतले व उद्या दुसऱ्याने, तरी हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला त्यात फरक पडण्याचे कारण नव्हते. तेव्हा बदली नटाचा वेष ही अडचण त्या युगाला माहीतच नव्हती असे म्हटले तरी चालेल. वेष हेच पात्र होते, आणि तो ज्याच्या अंगावर चढे तो त्या रात्रीपुरता देव किंवा दैत्य होई.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि नटाला गाता गळा, ठरलेले भाषण व ठरलेली भूमिका मिळाली. आता नट गेला की गळाही जाई. तरीसुद्धा वस्त्रांच्या बाबतीत जुना शिरस्ता पुष्कळ काळ टिकून राहिला, म्हणजे वस्त्र भूमिकेचे आणि भूमिका मंडळीची. पहिली शकुंतला शंकरराव मुजुमदारांची. १८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून मंडळीत आले आणि नायिकेची कामे त्यांच्याकडे गेली. पुढे तेही पुरुषभूमिकांकडे वळले, १९०१ मध्ये निवर्तले, आणि १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, हा कोवळा मुलगा त्याच मंडळीत शकुंतला होऊन उभा राहिला. हे तिघे एका बांध्याचे नव्हते, एका वयाचे नव्हते, त्यांच्या गळ्याची जात तर सर्वस्वी निराळी होती. पण आश्रमकन्येच्या वेषाची जी कल्पना प्रेक्षकांच्या मनात पहिल्याने ठसली ती या तिघांच्या अंगावरून अखंड वाहत आली. मुजुमदार पुढे मंडळीचे कारभारी झाले. आपण पूर्वी ज्या भूमिकेत उभे राहिलो ती दुसऱ्याला सजवून रंगभूमीवर पाठविण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्या माणसाच्या मनात त्या वेळी काय येत असेल, हा माझ्या मते एका चांगल्या कथेचा विषय आहे.

हा शिरस्ता टिकण्याचे मुख्य कारण तात्त्विक नसून कापडातच आहे. आपला परंपरागत पोशाख बहुतांशी न शिवलेला, म्हणजे नेसावयाचा, गुंडाळावयाचा व बांधावयाचा आहे. नऊ वारांचे लुगडे ठेंगण्या मुलाला नेसवा की उंच जवानाला, निऱ्यांची संख्या आणि ओच्याचा फुगा कमीअधिक केला म्हणजे काम भागते. पितांबराला माप नसते. शेला आणि उपरणे यांना खांदा कोणाचा हे विचारण्याची गरज नाही. बाराबंदीचे नावच सांगते की ती बंदांनी बांधावयाची आहे. छातीचा घेर चार बोटे वाढला तर बंद सैल, कमी झाला तर गाठ आत. जरतारी अंगरखा शिवलेला खरा, पण त्याचा घेर एवढा प्रशस्त असे की कमरेला शेला आवळला म्हणजे आतला देह कोणाचा हे गुलदस्तात राही. या दृष्टीने पाहिले तर पौराणिक व ऐतिहासिक नाटकांची वेषसामग्री ही बदली पात्रांसाठीच निर्माण झाली होती असा भास होतो.

तिढा पडे तो चार ठिकाणी, आणि जाणत्या कपडेपटवाल्याची परीक्षा याच चार ठिकाणी होई. पहिले ठिकाण चोळी. समोर गाठ मारावयाची चोळी छातीच्या बाबतीत उदार असते, परंतु दंडाच्या बाबतीत अगदी कठोर. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दंडावर बसणारी बाही तालमीत कमावलेल्या विशीतल्या नटाच्या कोपरापाशीच अडून राही. यास्तव शहाणा शिंपी बाहीच्या शिवणीत भरपूर माया ठेवी. जुना नाटकी कपडा उलटा करून पाहावा. आतील बाजूस उसवलेल्या टिपेच्या भोकांची एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, क्वचित तिसरीही दिसते, बाहेर खेचलेल्या मायेचा रंग मूळ कापडाहून गडद राहिलेला असतो, कारण तिला प्रकाश लागलेला नसतो, आणि त्या गडद पट्टीवर जर नसल्याने पदर किंवा बाजूबंद नेमका तेथेच आणून ती झाकण्याची युक्ती केलेली असते. दुसरे ठिकाण डोके. फेटा जागच्या जागी बांधता येतो. पण साच्यावर बसवून टाचलेली पगडी ही कोणाचीही भीड धरीत नाही. लहान डोक्याच्या नटाच्या भुवयांवर ती उतरली की कारुण्यपूर्ण प्रवेशात पिटातून हशा आलाच म्हणून समजावे. आत कापडाची घडी घालून तिला बसते करीत, आणि मोठे डोके असल्यास तिचा नाद सोडून मंदील बांधीत. तिसरे ठिकाण केस: टोप आणि गंगावन. टोपाचा काठ कपाळावर जिथे येतो तिथे रंग किती चढवावयाचा हे प्रत्येक चेहऱ्यागणिक नव्याने ठरवावे लागे. चौथे ठिकाण पायताण. परंतु शकुंतला, सुभद्रा किंवा नारद अनवाणी चालले म्हणून कोणी आक्षेप घेत नसल्याने या चौथ्या संकटातून पौराणिक नाटकांची तरी सुटका झाली होती.

कपडेपट सांभाळणारा मनुष्य मंडळीच्या पगारपत्रकात खालच्या बाजूला असे, पण त्याचा अधिकार त्याच्या पगाराहून मोठा होता. मुक्काम उठला की प्रत्येक नग मोजून पेटाऱ्यात घालणे, जर काळी पडू नये म्हणून ती मलमलीत गुंडाळणे, कोकणच्या दमट हवेत बुरशी धरलेले रेशीम उन्हाची तिरीप पाहून बाहेर काढणे आणि घामाने विटलेली काख बदलणे हे सर्व त्याचे. प्रयोगाच्या दिवशी दुपारी कारभाऱ्याचा निरोप यावा की आज अमुक उभा राहत नाही, तमुक राहील. आणि याने त्या तमुकाला समोर उभे करून, डोळ्यानेच माप घेऊन, पाठीवर दोन चिमटी धरून टाचण मारावी. हे टाचण कायमचे शिवावयाचे नाही असा त्याचा दंडक असे, कारण मूळ नट बरा होऊन परत आला म्हणजे त्याला आपला कपडा आपल्या मापाचा मिळाला पाहिजे, नाही तर तो रुसावा आणि त्याच्या रुसव्याचे खापर गरीब कपडेपटवाल्यावर फुटावे. कच्चा टाका हा तात्पुरत्या नेमणुकीचाच खलिता म्हणावयाचा. तो पक्का झाला की मंडळीतील सर्वांनी ओळखावे: आजारी गडी आता या कामावर परत रुजू होत नाही.

हीच रीत एका भूमिकेच्या वाटचालीत पाहावी. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांचे ‘मानापमान’ प्रथम झाले. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी निवर्तली आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही हकिकत त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगण्यात येते. ती निष्ठा निःसंशय थोर होती. परंतु या हकिकतीची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे आपण सहसा पाहत नाही: अशा दिवशीही नटाला घरी बसवून दुसरा उभा करता येत नाही, अशा अवस्थेला मराठी रंगभूमी १९११ मध्ये येऊन पोहोचली होती. नायक धैर्यधराचे तसे नव्हते. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा; ते त्याच वर्षी वारले. पुढे गोविंदराव टेंब्यांनी, म्हणजे ज्यांनी या नाटकाच्या चाली बांधल्या आणि ज्यांचा हात मूळचा पेटीवर बसलेला, त्यांनी सेनापतीचा वेष चढविला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवराव भोसले बालगंधर्वांसमोर धैर्यधर होऊन आले. बलवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथांनी ही भूमिका केली, आणि गंधर्व मंडळीत पुढे विनायकबुवा पटवर्धनांनी. एवढे गायक एका सेनापतीच्या पोशाखातून गेले, आणि तलवारीचा पट्टा कोणाच्या कमरेला किती भोके मागेपुढे बसला याची कोणी चौकशी केली नाही. गंधर्वांच्या रंगभूमीवरची भामिनी मात्र वर्षानुवर्षे तीच राहिली.

याचे रहस्य वस्त्रांत शोधले तरी सापडते. बालगंधर्वांनी लुगड्यात जो बदल घडविला तो कापडाचा नव्हे, मालकीचा होता. उंची शालू व पैठण्या, निवडक दागिने, अत्तराचा दरवळ आणि नेसण्याची ती घरंदाज डौलदार ढब यांमुळे, सुखवस्तू घरांतील स्त्रिया नाटकाला जाऊन केवळ गाणे ऐकून परत येत नसत. पदर कसा घेतला आहे, फुले कोठे माळली आहेत हे मनात टिपून आणीत. जे वस्त्र पूर्वी शकुंतलेचे असे ते आता बालगंधर्वांचे झाले. आणि वस्त्र एकदा व्यक्तीचे झाले म्हणजे ते दुसऱ्याच्या अंगावर उसने दिसू लागते. निऱ्या तेवढ्याच, जर तीच, कदाचित गळाही बरा. पण प्रेक्षकाला त्यात बदली माणूस दिसतो, भामिनी दिसत नाही. मला हा त्या थोर नटाचा दोष वाटत नाही. परंतु मराठी नाटकमंडळ्यांच्या आयुष्याच्या दृष्टीने तो लाभही नव्हता. ज्या मंडळीचा सारा कपडेपट एका देहाभोवती बेतलेला, तिचे आयुर्मान त्या देहाच्या आयुर्मानाइतकेच.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशपंत बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा या दोन व्यवस्थांची गाठ पडली. जुन्या मंडळीला नाव होते, नाटके होती, नायिकाच तेवढी राहिली नव्हती. नव्या मंडळीला नायिका होती आणि बाकी सर्व काही उभे करावयाचे होते. किर्लोस्कर मंडळीने मग दीनानाथ मंगेशकर या तरुणाला आणून भूमिका चालविल्या. तो मुलगा स्वयंप्रकाशी निघाला आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांसह स्वतःची बलवंत मंडळी काढून मोकळा झाला. गंधर्व मंडळीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने नवा सरंजाम जमविला, आणि तो इतका भपकेदार केला की कर्जाचा डोंगर हा तिचा जन्माचा सोबती झाला. देहाला वय सोडीत नाही. १९३८ मध्ये गोहराबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि बऱ्याच स्त्रीभूमिका त्यांच्याकडे गेल्या. पुरुषाने नेसून ज्याला कीर्ती मिळवून दिली ते लुगडे अखेर स्त्रीने नेसावयाचे, आणि तरीही तीच बदली ठरावी, हा त्या रंगभूमीचा एक विलक्षण न्याय होता.

भूमिकेचे वस्त्र आणि नटाचे वस्त्र हा झगडा केवळ आपल्याकडचा नाही. शेक्सपियरच्या काळातील लंडनच्या एका नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याने १५९८ साली आपल्या मंडळीच्या कपड्यांच्या याद्या करविल्या होत्या. त्यांत तैमूरलंगाचा तांब्याच्या लेसेचा कोट अशी भूमिकेच्या नावाने केलेली नोंद आहे. पुढील शतकांत मात्र इंग्लंड व फ्रान्स येथील नटनट्या पुष्कळसे पोशाख पदरमोड करून स्वतःच करवीत, त्यामुळे भूमिका दुसरीकडे गेली तरी पोशाख घरीच राही. आपल्या दक्षिण कोकणातील दशावतारी मंडळ्यांत या दोन्ही रीती एकत्र नांदतात: मंडळीचा पेटारा पूजेचा मान पावतो, मुखवटे त्याच्या आसऱ्याने राहतात, पण स्त्रीपार्टी नट आपली लुगडी व आपले दागिने स्वतः बाळगतो आणि आपला चेहरा आपणच रंगवितो. भाषण आयत्या वेळचे असल्याने तिथे कोणीही कोणाच्या जागी उभा राहू शकतो, फक्त आपल्या ट्रंकेसह.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली व ज्योत्स्नाबाई भोळे, पद्माबाई वर्तक यांसारख्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत दिसू लागल्या. दिवाणखान्यातील नाटक आले. त्याबरोबर कोट, पाटलोण, शर्ट आणि हुकांचे पोलके आले. वरवर पाहता खर्च कमी झाला, कारण शालूच्या जागी घरगुती पातळ चालू लागले. पण बदली पात्राच्या दृष्टीने खरी विपत्ती येथूनच सुरू झाली असे माझे मत आहे. शिवलेला कोट खोटे बोलत नाही. खांदा अर्धा इंच उतरला, बाही मनगटापासून दोन बोटे वर राहिली, पाटलोणीची मोरी घोट्यावर चढली, की हा कोट या माणसाचा नव्हे हे शेवटच्या रांगेतील पोरालाही कळते. आणि दिवाणखान्यातील नाटकाचा सारा मोह तर हाच, की हे घर आणि हे कपडे या माणसांचेच आहेत. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजीचा अंगरखा, कंबरबंद आवळून, कोणालाही चढविता येईल; पण १९६६ च्या ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या हा त्या काळचा विद्यार्थी, त्याचा कपडा त्याच्या ऐटीला चिकटलेला. पुढे रमेश भाटकरांनी लाल्या केला तेव्हा ती ऐट नव्या देहावर नव्याने कापावी लागणे ओघानेच आले.

१९७० च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ सादर केले. डॉ. श्रीराम लागूंच्या मागून दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी गणपतराव बेलवलकर उभा केला. हे सारे काही एका मापाचे नव्हते. पण हे नाटकच अशा नटाचे आहे की ज्याचे सर्व वैभव उतरत जाते. म्हातारपणी ढिला पडलेला कपडा आणि उसना वाटणारा कपडा यांत अंतर थोडे राहते, आणि उतारवयाच्या भूमिका बदली नटाला तुलनेने सुलभ का जातात, याचे एक कारण अभिनयाच्या ग्रंथांत नसून येथे आहे. याच्या उलट अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’. १९६२ मध्ये रांगणेकरांनी ते फिरत्या रंगमंचावर बसविले आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे पाच सोंगांनिशी उभा केला. फिरता रंगमंच नटासाठी थांबत नाही. त्यामुळे एका सोंगातून दुसऱ्यात जाण्याची सवड मोजकीच, आणि अशा नाटकात नवा नट आला की एक नव्हे, पाच संच मापाचे करावे लागतात. पुढे डॉ. गिरीश ओकांसारख्या नटांनी हे काम अंगावर घेतले तेव्हा संवादांच्या पाठांतराइतकीच बटणांचीही तालीम करावी लागली असेल, यात मला तरी शंका नाही.

आता जुन्या अर्थाने मंडळ्या राहिल्या नाहीत. निर्माता असतो, नट रात्रीच्या मानधनावर येतो, आणि बदली नटाला सारे जण ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. कपडेपटाची ड्रेपरी झाली. मूळ नटीची साडी नव्या नटीला तशीच दिली जाते, कारण जाहिरातीतल्या छायाचित्रात तीच दिसते. ब्लाउज तेवढा नवा शिवतात, म्हणजे किर्लोस्करांच्या वेळचा दंडाचा प्रश्न अद्याप जागच्या जागी आहे. मुंबईहून सुटलेली बस पेण, अलिबाग किंवा रोह्याचा प्रयोग करून रात्रीतून परत जाते. धरमतरचा पूल झोपेतच ओलांडला जातो.

तथापि या मुलखातील नाटक केवळ मुंबईहून येणारे नाही. खारपाटातील आगरी गावांत आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यांत गणपतीला, शिमग्याला अथवा ग्रामदेवतेच्या जत्रेला नाटक बसविण्याची हौस जुनी आहे. कामानिमित्त बाहेर असलेला गावकरी रजा काढून येणार, त्याच्या सोईने तारीख धरावयाची, आणि कपडे भाड्याने आणावयाचे. भाड्याच्या ड्रेपरीची यादी पाहण्यासारखी असते. ती नटांच्या नावे नसते, मापांच्याही नावे नसते. राजा एक, प्रधान एक, शिपाई दोन, राणी एक, दासी एक, अशी पात्रांच्या नावे असते, आणि मुकुट, तलवार, टोप, दागिने हे नग निराळे मोजलेले असतात. म्हणजे भाव्यांच्या वेळचा न्याय हाच: राजा कोणीही होवो, राजाचा कपडा एक. तीच व्यवस्था या गावांना परवडते, कारण गावात राजा कोण होणार हे अखेरच्या संध्याकाळपर्यंत नक्की नसते. रजा मिळाली नाही, गाडी चुकली, पाहुण्यांकडे सुतक आले, अशी कारणे कोणत्याही वर्षी उपटतात, आणि मग भाषण पाठ असलेला कोणी तरी, बहुधा तालीम घेणारे मास्तरच, पुढे ढकलला जातो.

अशा वेळी अंगरखा शिवून लहानमोठा करता येत नाही, कारण तो परत करावयाचा आहे; सुया टोचून तो मागे आवळतात व राजाला प्रेक्षकांकडे पाठ करू नये अशी ताकीद देतात. ताकीद पाळली गेली तर ठीक. युद्धाच्या प्रवेशात राजाला वळावेच लागते, जोरात वार करावा लागतो, आणि स्थूल मास्तरांच्या दंडावरची बाही खांद्यापासून उसवते. दुसऱ्या दिवशी पेटारा परत जातो तेव्हा प्रश्न उरतो तो पैशाचा: जो आला नाही त्याने भरावयाचे, की जो उभा राहिला त्याने, की मंडळाने वर्गणीतून? नाटक बसविणाऱ्या मंडळांत कलेवरून जेवढे तंटे झाले नसतील तेवढे या एका कलमावरून होऊ शकतात. ड्रेपरीवाला त्यात पडत नाही. त्याच्यापाशी अनामत ज्या मंडळाच्या नावाने जमा असते तिच्यातून तो बाहीची भरपाई कापून घेतो, आणि पावतीवर फक्त एवढे लिहितो: राजा एक, फाटका.